महापालिकेच्या शाळा: कारभार कोणाचा, सही कोणाची?

मुंबईतल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूल पालिकेच्या शाळेत आहे आणि काहीतरी अडलंय, म्हणून बहुतेक पालक हे पान उघडतात. शाळेत गेलं की ‘हे वॉर्डातून होतं’, वॉर्डात गेलं की ‘हेड ऑफिसला विचारा’, आणि हेड ऑफिसला साहेब मीटिंगला गेलेले. ही सगळी टोलवाटोलवीच आहे असं वाटतं, पण बऱ्याचदा समोरच्या माणसाच्या हातात खरोखरच ती सही नसते. कुठली सही कोणाची, एवढंच इथे सांगितलंय. पालिकेच्या शाळा चांगल्या की वाईट, त्या वादासाठी दुसऱ्या जागा पुष्कळ आहेत.

पालिकेची शाळा म्हणजे सरकारी शाळाच ना?

बोलताना आपण तसं म्हणतो, कारभारात मात्र फरक आहे आणि तो तुमच्या अर्जाला भोवतो. मुंबईत या शाळा बृहन्मुंबई महानगरपालिका चालवते, राज्य सरकार नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ६१ मध्ये पालिकेने करायलाच हवीत अशी कामं दिली आहेत. गटारं, रस्त्यावरचे दिवे, कचरा यांच्याच रांगेत प्राथमिक शाळा चालवणं, त्यांना जागा आणि मदत देणं हेही येतं. माध्यमिक शिक्षण त्या यादीत नाही. ते पालिकेने आपणहून अंगावर घेतलेलं काम आहे. म्हणून प्रत्येक पालिका शाळेत नववी-दहावी असेलच असं नाही, आणि आठवीचा निकाल लागला की दाखला हातात घेऊन आईबाप वणवण करताना दिसतात.

राज्याचा हात दुसरीकडून येतो. अभ्यासक्रम, बालभारतीची पुस्तकं, शिक्षकाची पात्रता, किती मुलांमागे किती शिक्षक हे सगळं राज्य ठरवतं. दहावीची परीक्षा राज्य मंडळाची. या सगळ्यांवर केंद्राचा शिक्षण हक्क कायदा आहे. तो २००९ चा असून १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

आणखी एक गोष्ट गावाकडून आलेल्या पालकांसाठी. मुंबईत जिल्हा परिषद नाही. तिकडे जिल्हा परिषदेचे प्राथमिकचे शिक्षणाधिकारी जे पाहतात, ते इथे पालिकेचे शिक्षणाधिकारी पाहतात.

शिक्षण समिती म्हणजे काय? आमच्या शाळेची समिती तीच का?

नाही, दोन्ही वेगळ्या. तुमच्या शाळेची ती शाळा व्यवस्थापन समिती, तिच्याबद्दल पुढे वेगळं उत्तर आहे. शिक्षण समिती ही पालिका मुख्यालयात बसणारी, कायद्याने नेमलेली समिती आहे. स्थायी, सुधार, बेस्ट आणि शिक्षण या पालिकेच्या चार वैधानिक समित्या. शिक्षण समितीत २६ सदस्य असतात. त्यांतले २२ नगरसेवक आणि ४ नगरसेवक नसलेले, म्हणजे शिक्षणाच्या क्षेत्रातले म्हणून घेतलेले. हे चार कोण असावेत यावर दर वेळी पक्षांची वाटणी होते ती होतेच, पण तरतूद मुळात चांगली आहे.

समितीचे अध्यक्ष २७ सदस्यांच्या स्थायी समितीतही पदसिद्ध बसतात. ही बारीकशी तरतूद महत्त्वाची आहे, कारण पैशाच्या मोठ्या गोष्टी स्थायी समितीत ठरतात आणि तिथे शिक्षणाच्या बाजूने बोलायला निदान एक माणूस हजर असतो. शिक्षणाचा अर्थसंकल्प आधी शिक्षण समितीपुढे येतो, मग वर जातो.

समितीचे सदस्य धोरण आणि खर्चावर बोलू शकतात, प्रशासनाला जाब विचारू शकतात. तुमच्या मुलाच्या वर्गाला शिक्षक द्या असा लेखी आदेश मात्र ते काढू शकत नाहीत. तो अधिकाऱ्यांचा प्रांत आहे.

मधली काही वर्षं नगरसेवकच नव्हते. तेव्हा शाळा कोण बघत होतं?

आयुक्त. आधीच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि निवडणूक लांबत गेली. मतदान झालं ते थेट १५ जानेवारी २०२६ ला. मधल्या जवळजवळ चार वर्षांत आयुक्तच प्रशासक होते, त्यामुळे ना सभागृह, ना स्थायी समिती, ना शिक्षण समिती. शिक्षण खात्याचे अधिकारी अर्थसंकल्प मांडायचे आणि मंजूर करणारे प्रशासकही त्यांचेच वरिष्ठ. मागणारा आणि देणारा एकाच बाजूचा असला की कामं भराभर होतात हे खरं. पण ‘गेल्या वर्षी याच कामासाठी ठेवलेले पैसे खर्च का झाले नाहीत’ असं उभं राहून विचारणारं कोणी उरत नाही, आणि त्या काळात ते उरलं नव्हतं.

अधिकाऱ्यांची उतरंड नेमकी कशी आहे?

सगळ्यात वर आयुक्त. त्यांना राज्य सरकार नेमतं. त्यांच्या खाली अतिरिक्त आयुक्त, ज्यांच्यापैकी एकाकडे इतर खात्यांबरोबर शिक्षणही असतं. मग शिक्षणाचे सहआयुक्त किंवा उपायुक्त. पदाचं नाव नेमणुकीप्रमाणे बदलतं, पाटी बघून घ्या. त्यांच्या खाली शिक्षणाधिकारी आणि उपशिक्षणाधिकारी. इथवरची माणसं तुम्हाला सहसा भेटणार नाहीत.

तुमच्या कामाचे दोघे त्याच्याही खाली आहेत. वॉर्डासाठी ‘प्रशासकीय अधिकारी (शाळा)’ असतात. सगळे त्यांना एओ म्हणतात. त्यांच्या हाताखाली विभाग निरीक्षक, ज्यांना शिक्षक अजूनही बीट ऑफिसर म्हणतात. त्यांच्याकडे ठरावीक शाळा असतात आणि त्या शाळांत त्यांची फेरी असते. मुख्याध्यापकांनी दाद दिली नाही तर एकदम हेड ऑफिस गाठण्याआधी विभाग निरीक्षक कोण ते विचारा. वरून आलेला अर्ज शेवटी ‘अहवाल सादर करा’ असा शेरा घेऊन त्यांच्याच टेबलावर येतो. मग तुम्हीच आधी तिथे जाऊन या.

आमच्या एका इमारतीत चार शाळा कशा? मुख्याध्यापकही चार?

फाटकावरची पाटी नीट वाचा. एकाच इमारतीवर ‘मराठी शाळा क्र. १’, ‘मराठी शाळा क्र. २’, ‘हिंदी शाळा’, ‘उर्दू शाळा’ अशी नावं एकाखाली एक असतात. पालिका आठ माध्यमांत शाळा चालवते: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तामिळ, तेलुगू आणि कन्नड. गिरण्या आणि गोदीच्या मुंबईत जिथून जिथून माणसं आली, त्यांच्या भाषा शाळांपर्यंत पोचल्या. कागदोपत्री प्रत्येक माध्यमाची शाळा स्वतंत्र, तिला स्वतंत्र अकरा अंकी यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), स्वतंत्र मुख्याध्यापक आणि स्वतंत्र पट. त्यात सकाळ-दुपारची पाळी.

यातून एक अडचण उभी राहते ती कुठल्याच नियमात लिहिलेली नाही. जिना, मैदान, पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृह सगळ्यांचं सामाईक, म्हणजे व्यवहारात कोणाचंच नाही. दुपारच्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणतात सकाळच्यांनी घाण केली, सकाळचे म्हणतात दुपारच्यांनी. यावर उपाय एकच चाललेला पाहिलाय: दोन्ही शाळांच्या व्यवस्थापन समित्यांच्या अध्यक्षांनी एकाच कागदावर सह्या करून अर्ज द्यायचा. मग ‘ते आमचं नाही’ म्हणायला जागा उरत नाही.

नळ गळतोय, स्वच्छतागृहाचं दार तुटलंय. मुख्याध्यापकांना एवढंही करता येत नाही?

किरकोळ असेल तर शाळेच्या सादिल, म्हणजे किरकोळ खर्चाच्या पैशातून किंवा ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेच्या शाळा अनुदानातून होतं. इमारतीची मोठी दुरुस्ती, गळती, वायरिंग ही कामं पालिकेचा ‘शाळा पायाभूत सुविधा कक्ष’ पाहतो. ते अभियंत्यांचं खातं आहे, शिक्षण खात्याच्या हाताखालचं नाही. मुख्याध्यापक पत्र लिहितात, पाहणी होते, अंदाजपत्रक होतं, कंत्राट निघतं. म्हणून मुख्याध्यापकांना ‘करून द्या’ म्हणण्यापेक्षा ‘तुम्ही कधी पत्र पाठवलंत, त्याची प्रत दाखवा’ म्हणा. पत्रच गेलं नसेल तर तिथेच कळतं.

पैसा कुठून येतो?

शिक्षणाचा अर्थसंकल्प पालिकेत वेगळा मांडतात, त्याला ‘अर्थसंकल्प ई’ म्हणतात. २०२५-२६ चा सुमारे ३,९५५ कोटी रुपयांचा होता. त्याच वर्षी पालिकेचा एकूण अर्थसंकल्प सुमारे ७४,४२७ कोटी. शिक्षणातला मोठा भाग पगार आणि निवृत्तिवेतनात जातो. उरलेल्यात इमारती, आणि मुलांना दिल्या जाणाऱ्या २७ शालोपयोगी वस्तू: गणवेश, बूट, दप्तर, वह्या, छत्री वगैरे. त्या पावसाळ्याच्या आधी मिळतात की पावसाळा संपल्यावर, हा दरवर्षीचा विषय आहे आणि त्याचं उत्तर निविदेच्या तारखांत असतं.

प्राथमिक शिक्षणाच्या खर्चात राज्याने अनुदान द्यायचं असतं. ते थकलंय ही पालिकेची तक्रार जुनी आहे.

तुमच्या खिशातूनही पैसे जातात. मालमत्ता कराचं बिल घरी असेल तर काढून बघा. सर्वसाधारण कर, जल कर, मलनिःसारण कर यांच्या खाली ‘महापालिका शिक्षण उपकर’ आणि ‘राज्य शिक्षण उपकर’ अशा दोन वेगळ्या ओळी आहेत. पहिली पालिकेची, दुसरी पालिका फक्त गोळा करून राज्याला देते. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, त्यामुळे ज्यांची मुलं पालिकेच्या शाळेत जातात त्यांच्यापैकी पुष्कळांना हे बिल भरावंच लागत नाही.

वर्गाला शिक्षक नाही. कोणाला धरायचं?

आधी ‘संचमान्यता’ हा शब्द पाठ करा. शाळेत किती मुलं पटावर आहेत ते ३० सप्टेंबरच्या आकड्यावर मोजलं जातं आणि त्यावरून राज्याच्या निकषांनुसार किती शिक्षकांची पदं मंजूर होतात ते ठरतं. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक असं प्रमाण आहे. पट घसरला की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि त्याचं दुसऱ्या शाळेत समायोजन होतं. मार्च २०२४ मध्ये राज्याने संचमान्यतेचे निकष बदलले तेव्हा शिक्षक संघटनांनी जोरदार विरोध केला, कारण लहान पटाच्या शाळांतली पदं त्यात उडतात.

म्हणून शिक्षक नाही म्हटलं की दोन वेगळ्या शक्यता असतात. पद मंजूर आहे पण रिकामं आहे, तर प्रश्न पालिकेचा: बदलीने, समायोजनाने किंवा तासिका तत्त्वावर माणूस देणं त्यांच्या हातात आहे. पदच मंजूर नाही, तर पालिकेत कितीही हेलपाटे घातले तरी उपयोग नाही. मुख्याध्यापकांकडे संचमान्यतेचा कागद असतो. तो मागा.

नवी भरती राज्याच्या पवित्र पोर्टलवरून होते. शिक्षक पात्रता परीक्षा आणि अभियोग्यता चाचणी दिलेले उमेदवार त्यातून येतात. ‘नगरसेवकाच्या ओळखीने लागतो’ असं कोणी सांगत असेल तर पाकीट खिशातच ठेवा.

बाई सारख्या निवडणुकीच्या कामाला का जातात?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने (पुढेही नुसतं ‘कलम’ म्हटलंय ते याच कायद्याचं) शिक्षकांना इतर कामं लावायला बंदी आहे, पण तीन अपवाद ठेवलेत: दहा वर्षांनी येणारी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. मतदार याद्यांचं काम तिसऱ्या अपवादातून घुसतं. गंमत अशी की विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात मत देण्याचा हक्क माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांनाच आहे. घरोघर फिरून याद्या करणाऱ्या प्राथमिकच्या बाईंना तिथे मत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत आम्ही काय करू शकतो? की नुसती सही?

या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. वर सांगितलेल्या सगळ्या उतरंडीत पालकाला कायद्याने दिलेली खुर्ची एकच आहे, ती इथे. कलम २१ प्रमाणे समितीतले तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या महिला. महाराष्ट्रात समिती १२ ते १६ जणांची असते. अध्यक्ष पालकांपैकीच आणि मुख्याध्यापक सदस्य सचिव. म्हणजे बैठक मुख्याध्यापक बोलावतात, चालवतात पालक. उरलेल्या पाव भागात शिक्षक, स्थानिक लोकप्रतिनिधी आणि शिक्षणतज्ज्ञ. पालक सदस्य पालक सभेतून निवडायचे असतात. शिपायाने वर्गाबाहेर उभ्या असलेल्या चार जणींना ‘ताई, इथे जरा सही करा’ म्हटलं, ही निवड नव्हे.

समितीने शाळेच्या कामावर देखरेख करायची, अनुदान कसं वापरलं ते बघायचं आणि कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा करायचा. आराखडा म्हटलं की पालक बिचकतात. पण त्यात लिहायचं काय, तर किती वर्ग कमी आहेत, मुलींसाठी स्वच्छतागृह किती हवीत, शिक्षक किती कमी आहेत. हे तुम्हाला कोणत्याही साहेबापेक्षा जास्त माहीत आहे.

बैठक दर महिन्याला व्हायला हवी. होते कशी ते सांगतो. कामाच्या दिवशी सकाळी अकराची वेळ, म्हणजे घरकाम करणाऱ्या आणि रिक्षा चालवणाऱ्या पालकांचा रोज बुडणार. येतात त्या चार-पाच जणी. वही फिरते, सह्या होतात, चहा होतो. इतिवृत्त मागाहून लिहिलं जातं आणि त्यात ‘सर्वानुमते मंजूर’ असतं. मुख्याध्यापक वाईटच असतात असं नाही, त्यांच्याही मागे माहिती भरायची दहा पोर्टलं लागलेली असतात. पण कोऱ्या पानावर सही करू नका. ‘मजकूर लिहा, मग करते’ एवढं एक वाक्य पुरे. बैठकीची वेळ शनिवारी किंवा संध्याकाळी ठेवा असा ठराव पहिल्याच बैठकीत लिहून घ्या. आणि पोषण आहाराची चव नोंदवही मागून बघा. जेवण वाटण्याआधी चाखून त्यात लिहायचं असतं. महिनाभर रोज ‘चव चांगली’ एकाच पेनाने, एकाच दिवशी लिहिल्यासारखं दिसलं, तर पुढे काय विचारायचं ते तुम्हाला सुचेल.

शेजारची खासगी इंग्रजी शाळा. तिची तक्रारही पालिकेकडेच?

प्राथमिकची असेल तर हो. मुंबईत खासगी प्राथमिक शाळांच्या मान्यतेचं कामही पालिकेचं शिक्षण खाते बघतं. माध्यमिकचा प्रश्न असेल तर राज्याचे शिक्षण निरीक्षक. मुंबईत त्यांची दक्षिण, पश्चिम आणि उत्तर अशी तीन कार्यालयं आहेत, आणि त्यांच्या वर शिक्षण उपसंचालक. एकाच शाळेतला थोरला नववीत आणि धाकटी तिसरीत असेल तर दोन वेगळी दारं.

प्रवेश घेण्याआधी मान्यता तपासा. पालिका दरवर्षी अनधिकृत शाळांची यादी जाहीर करते. मान्यतेशिवाय शाळा चालवली तर कलम १८ प्रमाणे एक लाख रुपयांपर्यंत दंड, त्यानंतरही चालू ठेवली तर दर दिवसाला दहा हजारांपर्यंत. दंड शाळेला होतो, मधेच शाळा शोधायची वेळ मात्र तुमच्यावर येते.

शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवलेल्या पंचवीस टक्के राखीव जागांचं काय, असंही विचारतात. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला सूट, असा बदल राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलै २०२४ मध्ये रद्द केला. म्हणजे जागा आहेत, अर्ज राज्याच्या ऑनलाइन प्रक्रियेतूनच.

मुंबई पब्लिक स्कूल म्हणजे वेगळी संस्था का?

नाही, पालिकेच्याच शाळा आहेत, नाव २०२० मध्ये दिलेलं. त्यांतल्या काही सीबीएसईच्या आहेत, पहिली जोगेश्वरीच्या पूनमनगरला. माहीमच्या वूलन मिलच्या शाळेत आयसीएसई, माटुंग्याच्या एल. के. वाघजी शाळेत केंब्रिजचा अभ्यासक्रम. जागांपेक्षा अर्ज जास्त येतात तिथे सोडत निघते. बाकीच्या शाळांत सोडत नाही, थेट प्रवेश.

जन्मदाखला नाही, जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून परत पाठवलं.

परत पाठवता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारू नये असं कलम १४ सांगतं. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला हे कारण कलम ५ प्रमाणे चालत नाही. तोंडी वाद घालू नका. ‘प्रवेश नाकारल्याचं कारण लेखी द्या’ म्हणा. बहुतेक वेळा लेखी द्यायच्या ऐवजी प्रवेश मिळतो.

तक्रार लिहिली, पुढे?

पोच घ्या. शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक नसलेला अर्ज हा दिलेलाच नसतो. कलम ३२ प्रमाणे मुलाच्या हक्काबद्दलची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे इथे पालिकेकडे करता येते आणि ऐकून घेऊन तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. अर्जात ‘कलम ३२ अन्वये’ हे शब्द घाला. निर्णय पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील.

कागदच दाखवत नसतील तर माहितीचा अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक अर्ज एक विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत हा महाराष्ट्राचा नियम आहे. तीस दिवसांत उत्तर. ‘शाळेची सगळी माहिती द्या’ असं लिहिलं तर अर्ज हमखास फेटाळतील. ‘अमुक शाळेची चालू वर्षाची संचमान्यता आणि दुरुस्तीसाठी पाठवलेल्या पत्रांच्या प्रती’ असं लिहा.

मुलाशी कोणी गैरवर्तन केलं असेल तर?

यातलं काहीच करत बसू नका. मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनला फोन करा किंवा पोलीस ठाण्यात जा. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली गुन्हा नोंदवायला मुख्याध्यापकांची, एओंची किंवा समितीची परवानगी लागत नाही.

हे सगळं पुण्याला, ठाण्याला लागू आहे का?

शिक्षण हक्क कायदा, संचमान्यता, शाळा व्यवस्थापन समिती, माहितीचा अधिकार: जसंच्या तसं. वरची रचना वेगळी. मुंबईचा १८८८ चा कायदा मुंबईपुरता आहे. पुणे, ठाण्यासारख्या इतर शहरांत १९४९ चा महानगरपालिका कायदा चालतो. तिथे पूर्वी शिक्षण मंडळं होती, त्यांना अध्यक्ष आणि सदस्य असायचे. २०१३ मध्ये राज्याने कायदा बदलून ती मोडीत काढायचं ठरवलं. पुण्यासारख्या ठिकाणी चालू मंडळाची मुदत संपेपर्यंत ते टिकलं. आता कारभार आयुक्तांच्या हाताखालच्या शिक्षण विभागाकडे. जुने पालक अजून ‘मंडळात जाऊन या’ म्हणतात, तेव्हा त्यांना हाच विभाग अभिप्रेत असतो.

अमेरिकेतले नातेवाईक म्हणतात, तिकडे स्कूल बोर्डाला मतदान असतं. आपल्याकडे का नाही?

तिकडे बहुतेक ठिकाणी स्कूल डिस्ट्रिक्ट ही नगरपालिकेपासून वेगळी संस्था असते आणि तिच्या मंडळाची स्वतंत्र निवडणूक होते. सरसकट मात्र नाही. न्यूयॉर्कमध्ये २००२ पासून शाळा महापौरांच्या ताब्यात आहेत. आपल्याकडे शाळेसाठी वेगळं मत नाही. नगरसेवकाला दिलेल्या एकाच मतात रस्ता, पाणी, कचरा आणि शाळा सगळं येतं. त्यामुळे प्रचाराला दारात आलेल्या उमेदवाराला शाळेबद्दल विचारणारे कमीच. विचारायचंच असेल तर ‘शाळा सुधारणार का’ असं नको, त्याला सगळे हो म्हणतात. ‘निवडून आलात तर शिक्षण समितीवर जायला मागाल का?’ असं विचारा.